हलगी, पारकॅन आणि मुंबईचा मुक्काम

बँडबरोबर फिरणारा फोटोग्राफर आणि बातमीसाठी आलेला फोटोग्राफर एकाच मंचाचे फोटो काढत असले तरी त्यांचं काम एक नसतं. मोठ्या कॉन्सर्टना प्रेसच्या माणसाला बहुतेक वेळा पहिली तीन गाणी मिळतात, तीही बिनफ्लॅशची, आणि मग त्याला मंचासमोरून बाहेर जावं लागतं. बँडच्या फोटोग्राफरला टेम्पोतून सामान उतरल्यापासून रात्री शेवटची केबल गुंडाळेपर्यंत सगळं बघायला मिळतं. मी कोल्हापूरच्या एका बँडबरोबर हे काम करते. गिटार, कीबोर्ड, ड्रम, आणि त्यांच्या जोडीला आमच्याकडची हलगी (काडीने वाजवायचं चामड्याचं चपटं वाद्य), घुमकं (तिच्या साथीचा ढोल), कैताळ (मोठ्या झांजा). दसऱ्यानंतर मुंबईत कार्यक्रम ठरले आणि आम्ही निघालो. या कामात येऊ बघणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बरेचदा सारखेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं जिथल्या तिथे लिहीत जाते.

बुधवार रात्र

टेम्पो ट्रॅव्हलर, साताऱ्याच्या अलीकडे चहा, पुणे झोपेत, एक्स्प्रेसवेवर पाऊस. कॅमेऱ्याची बॅग मी डिकीत टाकत नाही, पायाशी ठेवते. डिकीत ड्रमचे स्टँड असतात आणि घाटात ते सरकतात.

गुरुवार, दादर

उजाडताना दादरला उतरलो. बाकीचे लॉजवर झोपायला गेले, मी फूलबाजारात गेले. दसरा उलटलेला असला तरी झेंडूचे ढीग होतेच, आणि त्या ढिगांतून डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं वाट काढत चालली होती. टूरवर असताना सकाळी शहराचे थोडे फोटो काढायची मला सवय आहे. बँडचा अल्बम करताना नुसते मंचावरचे फोटो लावले की सगळी गावं एकसारखी दिसायला लागतात. मध्ये झेंडूचा एक फोटो आला की बघणाऱ्याला दादर कळतं.

प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष घेतलं. आमच्या हलगीवाल्या मामांना पीयूष हा प्रकार माहीत नव्हता. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "श्रीखंड पातळ केल्यालं दिसतंय. पर नाद खुळा." मग अजून एक मागवलं.

दुपारी शिवाजी मंदिर नाट्यगृहात साउंडचेक. इथे आमची गाठ लाइटवाल्या काकांशी पडली. मुंबईतल्या सगळ्या कार्यक्रमांचे दिवे त्यांच्याकडे दिलेले होते. साठीच्या आसपासचे, लालबागचे, खिशात टेस्टर आणि चष्मा. मी कुठल्याही थिएटरात गेले की आधी लाइट करणाऱ्या माणसाला भेटते, बँडनंतर नाही, बँडच्या आधी. कॉन्सर्टच्या फोटोत अर्धं काम त्याचं असतं. तो चेहऱ्यावर उजेड देणार की नुसता मागून देणार, कुठल्या गाण्याला निळा करणार, अंधार कधी करणार, हे आधी कळलं तर मी योग्य जागी उभी असते. नाही कळलं तर मी नशिबावर असते. काकांनी गाण्यांची यादी मागून घेतली आणि प्रत्येक गाण्यापुढे पेन्सिलने रंग लिहून त्याची एक प्रत मला दिली. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

चारच्या सुमाराला परतीचा पाऊस आला आणि हलगी उतरली. हलगीला चामडं असतं. हवा दमट झाली की ते ओलावा धरतं, सैल पडतं आणि कडकडीत आवाजाऐवजी नुसतं ढप्प वाजतं. उपाय एकच, शेकायची. गावाकडे दोन कागद, चार काटक्या पेटवल्या की झालं. इथे मामा मागच्या गल्लीत गेले, तर तिथे मोटारसायकली लावलेल्या आणि वर पाऊस. वॉचमन म्हणाला, "मामा, इथं काडी ओढायची नाय." त्याचं बरोबरच होतं.

मामा परत आले ते हलगी पोटाशी धरून. काका विंगेतून हे बघत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं हो?" मामांनी हलगीवर टिचकी मारून दाखवली. काकांनी काही न बोलता एक पारकॅन, म्हणजे डब्यासारखा मंचावरचा दिवा, खाली उतरवला, त्याचा लाल जिलेटिन (रंगीत कागद) काढला, जमिनीवर तिरका ठेवला आणि पूर्ण पेटवला. जुना हॅलोजनचा पार, हजार वॉटचा. एका मिनिटात समोर उभं राहवेना. मामा दीड हातावर उकिडवे बसले आणि हलगी त्या झोतात फिरवत राहिले. एका जागी धरली तर चामडं तडकतं, म्हणून सारखी फिरवायची, मध्येच अंगठ्याने दाबून बघायचं.

मी मागून बघत होते. प्रकाश चामड्यातून आरपार येत होता. चामडं भाजत आलेल्या पापडासारखं पिवळं-तांबूस दिसत होतं, त्यातल्या शिरा, एका कडेला घातलेला जुना टाका, आणि पलीकडून मामांच्या चार बोटांची सावली. मी लेन्स 50 मिलीमीटरला ठेवली, उजेडाचं माप फक्त चामड्यावर घेतलं आणि बाकी सगळं काळं होऊ दिलं. मामांनी काडी मारली, टण्ण आवाज आला, वरच्या पडद्यावर काम करणारा मुलगासुद्धा खाली बघायला लागला. "लागली," मामा म्हणाले. काका म्हणाले, "आमच्याकडं पूर्वी तमाशाच्या ढोलकीला पण हेच करायचे."

संध्याकाळचा कार्यक्रम उत्तम झाला. मध्यंतरात गरम बटाटेवडे, त्यांच्यासाठी प्रेक्षकांइतकीच बँडची रांग. मला मात्र रात्री खोलीवर पुन्हा पुन्हा तोच हलगीचा फोटो उघडून बघावासा वाटत होता.

नाट्यगृहात काम करणाऱ्यांसाठी: काळे कपडे, मऊ तळव्यांची पादत्राणं, आणि कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बंद. प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असतं, त्याच्या डोळ्यांपुढे आपला स्क्रीन चमकता कामा नये. मी दोन कॅमेरे वापरते, एकावर 24-70 मिलीमीटरची लेन्स, दुसऱ्यावर 70-200 ची, दोन्ही एफ 2.8, म्हणजे जास्त उजेड आत घेणाऱ्या. आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो त्याचं माप) 3200 पासून सुरू करते, हलगी आणि ड्रमसाठी शटर 1/320 च्या खाली नेत नाही. हलगीच्या काडीचं टोक मात्र थोडं हललेलं मला आवडतं.

शुक्रवार, लोअर परळ

एका जुन्या गिरणीच्या आवारातला क्लब. काका सोबत होते, ते गेटपाशी दोन मिनिटं थांबले. त्यांचे वडील याच भागातल्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. काका तेव्हा शाळा सोडून गणपतीच्या मंडपात दिवे लावायला गेले आणि तिथून रंगमंचावर आले. "मूळचे कुठले तुम्ही?" मामांनी विचारलं. पाटणकडचे निघाले. मग काय, दोघांचं घाटावरचं बोलणं जे सुरू झालं ते साउंडचेक संपला तरी चालूच.

या गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर हे शाहीर डफावर गायचे. त्याच मातीत आज आमची हलगी ध्वनिवर्धकाला जोडून वाजणार होती, आणि समोर पंचविशीतली मुलं उभी राहून ऐकणार होती. आमच्या गायकाने पहिल्या गाण्याआधी गिरणी कामगारांना नमस्कार केला. शिट्ट्या आल्या, आणि त्यांत काकांची एक होती.

इथे सगळे दिवे एलईडी. एलईडीच्या झोतात तशी उष्णता नाही, म्हणजे हलगीचा प्रश्न पुन्हा उभा. क्लबच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याने मोठ्या शेगडीवर जागा करून दिली. एका बाजूला कढईत काहीतरी तळलं जात होतं, दुसऱ्या बाजूला मामा हलगी फिरवत होते. आचारी बिहारचा, त्याच्या गावीही असलंच वाद्य असतं म्हणाला. त्याने काड्या मागून घेतल्या आणि शेगडीपाशी उभ्या उभ्या एक ठेका वाजवला. मामांनी मान डोलावली, "हाताला वळण हाय."

एलईडीचा फोटोग्राफरला दुसरा त्रास आहे. हे दिवे मंद करायचे तर ते डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद होत राहतात. कॅमेऱ्याचा आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात दिवा अनेकदा विझून पेटतो आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. क्लबमध्ये मेकॅनिकल शटरच लावावं, आणि साउंडचेकला 1/125 च्या वर-खाली वेग बदलून पट्टे कुठे जातात ते बघून ठेवावं. निळ्या आणि लाल एलईडीत चेहऱ्याचा तपशील पार उडतो, कारण सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांपैकी एकच भरून वाहतो. तेव्हा मी एक्स्पोजर कमी ठेवते आणि पांढरा झोत येण्याची वाट बघते. काकांच्या पेन्सिलीच्या यादीमुळे तो कधी येणार हे मला माहीत होतं.

गर्दीत एक मुलगी भेटली, एका संकेतस्थळासाठी फोटो काढायला आलेली. तिची तीन गाणी संपली होती आणि ती हिरमुसून भिंतीला टेकली होती. मी तिला म्हटलं, तिसऱ्या गाण्यानंतर मागे जा आणि प्रेक्षकांचे काढ, ते कुणी अडवत नाही. जिम मार्शल नावाचा अमेरिकन फोटोग्राफर होता, कलाकाराजवळ पूर्ण मोकळीक असेल तरच काम घ्यायचा. 1966 मध्ये बीटल्सच्या शेवटच्या तिकीट लावलेल्या कॉन्सर्टला तो मंचाच्या मागे त्यांच्यासोबत होता. पण ती मोकळीक त्याला कुणी पहिल्या दिवशी दिली नव्हती, माणसांशी राहून राहून मिळाली. तिने नंतर पाठवलेल्या फोटोंत एका आजोबांचा फोटो आहे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ताल धरलेला. त्या रात्रीचा प्रेक्षकांचा सर्वांत चांगला फोटो तिचा आहे.

कानांचं सांगून ठेवते. स्पीकरजवळ आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. कानात बोळे घालायला लाजू नका. ऐकू येणं गेलं की परत येत नाही.

शनिवार, सुट्टी

कार्यक्रम नव्हता. सकाळभर फोटोंच्या प्रती करणं. कार्डावरचे फोटो दोन वेगळ्या डिस्कवर जाईपर्यंत मी कार्ड पुसत नाही, आणि दोन्ही डिस्क एका बॅगेत ठेवत नाही. एक माझ्याकडे, एक ड्रमर पोराकडे.

दुपारी त्या पोराला घेऊन धोबीतलावला गेले. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी हे इराणी हॉटेल 1904 पासूनचं आहे. संगमरवरी टेबलं, वळवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या. बन मस्का, मावा केक आणि पानीकम चहा. बाहेर एक जोराची सर येऊन गेली आणि पंख्याखाली ओल्या छत्र्यांचा वास पसरला. तिथून जवळच रंगभवन. खुल्या आकाशाखालचं हे थिएटर, 1986 मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव इथे सुरू झाला आणि मुंबईतल्या रॉक ऐकणाऱ्यांची एक पिढी इथल्या पायऱ्यांवर वाढली. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांना शांतता क्षेत्र केलं आणि इथली कॉन्सर्ट थांबली. रुग्णाची झोप मोठी, यात वाद नाही. पण शहराच्या एवढ्या मध्यवर्ती भागात खुल्या मंचाला दुसरी जागा कुणी नीट करून दिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्यासारख्या बँडला मैदान परवडत नाही आणि क्लबमध्ये आमच्या गावच्या बायका येत नाहीत.

ड्रमर बंद गेटाकडे बघत म्हणाला, "ताई, इथं वाजवायला पायजे हुतं." काकांनी तरुणपणी या मंचावर दिवे चढवलेत, हे मी त्याला सांगितलं. संध्याकाळी त्याने काकांना फोन लावला आणि अर्धा तास बोलत बसला.

मोकळ्या जागेत कार्यक्रम असेल तर ध्यानात ठेवा, रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, सवलतीचे ठरावीक दिवस सोडून. बंद सभागृहाला ती अट नाही. म्हणजे मैदानात शेवटच्या गाण्याचा फोटो दहाच्या आधीच हातात हवा, वन्समोअरच्या भरवशावर राहू नये.

रविवार, ऑपेरा हाऊस

रविवारी मुंबईत रेल्वेचं दुरुस्तीचं काम असतं, मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात आणि पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता, आम्ही काहीजण दादरहून चर्नी रोडला लोकलने निघालो आणि बराच वेळ फलाटावरच उभे राहिलो. रविवारी कार्यक्रम असेल तर ठरल्यापेक्षा तासभर आधी निघा आणि कॅमेरा तरी सोबतच ठेवा. उशीर झाला खरा, पण गिरगावात विनय हेल्थ होमची मिसळ खायची ठरली होती, ती कुणी सोडली नाही. कोल्हापूरच्या माणसांनी मुंबईत मिसळ खाल्ली की निकाल द्यावाच लागतो. मामांचा निकाल: "तिखट कमी, पर मटकी झ्याक शिजल्या."

रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये पाय ठेवल्यावर आमची पोरं गप्प झाली. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, पुढे 1993 ला बंद पडलं, आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुन्हा उघडलं. 1940 च्या दशकात पृथ्वीराज कपूर यांची नाटकं इथे होत असत. सोनेरी नक्षी, झुंबरं, बाजूचे सज्जे, आणि सुमारे पावणेसहाशे खुर्च्या. मंचावरून शेवटच्या रांगेतला चेहरा दिसतो. आमच्या गायिकेने टाळी वाजवून बघितली, मग मंचाच्या मधोमध उभी राहून हळूच एक ओळ म्हटली, आणि मी सज्जात उभी असताना ती मला कानाशी आल्यासारखी स्पष्ट ऐकू आली.

अशा वास्तूत पेटवापेटवीचा विषयच नाही. काकांनी ते आधीच ओळखलं होतं. एलईडीच्या सामानासोबत दोन जुने पार त्यांनी मुद्दाम आणले होते. एक विंगेत मामांसाठी, आणि दुसरा? "दुसरा तुझ्यासाठी," ते मला म्हणाले. "गाणाऱ्या ताईच्या ओवीला लावतो. वरून एकच, बिनजिलेटिनचा, साठ टक्क्यांवर."

कार्यक्रमाच्या मध्यावर गायिका जात्यावरची ओवी म्हणते. तिच्या आजीकडून आलेली, सोबत वाद्य नाही. या थिएटरात तिने मायक्रोफोनही बाजूला सारला. एवढ्या शांततेत कॅमेऱ्याच्या शटरचा खटका म्हणजे अपमान, म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावणं भाग होतं, आणि ते एलईडीत चाललं नसतं. हॅलोजनमध्ये चालतं. त्याची तार तापलेली असते, विजेच्या चढउताराबरोबर ती लगेच थंड होत नाही, त्यामुळे प्रकाश जवळपास सलग राहतो आणि पट्टे येत नाहीत. पार मंद केला की अजून तांबूस होतो, कातडीचा रंग खरा लागतो, डोळ्यांत एक ठिपका चमकतो. काकांना शटरचं गणित मी सांगितलं नव्हतं. त्यांना ओवीला दिवा कसा हवा एवढं कळत होतं, आणि तोच दिवा मला हवा होता.

ती गायला लागली. तिने डोळे मिटले, उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा पोटापाशी आला आणि गोल फिरू लागला. तो हात ती मुद्दाम फिरवत नाही, ओवी म्हणताना फिरतोच. मी पहिल्या ओळींना कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही, हाताची फेरी किती वेळात पुरी होते ते बघितलं. मग वेग 1/60 वर आणला. चेहरा स्थिर, हात हललेला, असा फोटो मिळाला. पुढच्या रांगेत एक आजी ओठ हलवत होत्या, त्यांना ती ओवी येत होती. त्यांचाही फोटो घ्यावा असं वाटलं, पण त्यांच्या बाजूला उजेड नव्हता, आणि त्यांच्याकडे वळले असते तर त्या थांबल्या असत्या. म्हणून नाही घेतला. नंतर भेटून त्यांच्याकडून दोन ओव्या मात्र वहीत उतरवून घेतल्या. सासवडकडच्या होत्या, लग्न होऊन गिरगावच्या चाळीत आलेल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडताना एक जपायचं. आत गारेगार वातानुकूलन, बाहेर ऑक्टोबरची दमट हवा, थेट कॅमेरा काढला की लेन्सवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून पंधरावीस मिनिटं जाऊ द्यावीत. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत हव्यातच. रात्री चौपाटीवर कुल्फी खाऊन झाली तेव्हा कुठे माझी लेन्स स्वच्छ होती, मग मामांचा, काकांचा आणि आचाऱ्याचा तो ठेका वाळूवर बोटांनी वाजवणाऱ्या ड्रमरचा, असे तिघांचे फोटो काढले.

सोमवार, लालबाग

निघण्याआधी कागदपत्रांचं एक काम होतं. एका आयोजकाने पाठवलेल्या करारात सगळ्या फोटोंचे सगळे हक्क त्यांचे, असं एक वाक्य होतं. मी ते बदलून घेतलं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तोंडी बोलण्यावर राहिलात तर हक्क गेला. फोटो कुठे वापरणार, किती काळ, श्रेय कसं देणार, हे आधी लिहून घ्या. दोन ओळींचा ईमेलही नसण्यापेक्षा बरा.

श्रेयाबद्दल मी बँडशी बोलले. आमच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली माझं नाव येतं. यापुढे त्याच ओळीत प्रकाशयोजना करणाऱ्याचंही नाव यावं, असं मी म्हटलं. गायक म्हणाला, "यात इच्यारायचं काय? घाल." कॉन्सर्टचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांनी हे करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

दादरच्या एका लॅबमध्ये दोन मोठ्या प्रिंट काढल्या, हलगीची आणि ओवीची, आणि टेम्पो लालबागवरून घ्यायला लावला. काका चाळीच्या खाली उभे होते. त्यांनी चष्मा लावला, हलगीचा फोटो घरच्यांना दाखवायला वर पाठवून दिला. ओवीचा फोटो मात्र बराच वेळ हातात धरून बघितला. मला वाटलं, गायिकेचा चेहरा बघताहेत. ते तिच्या मागच्या पडद्यावरची सावली बघत होते.

"पार अजून अर्धा फूट पुढं हवा होता," ते म्हणाले. "सावली कमरेला तुटलीय. पुण्याला नीट करू."

"पुण्याला येणार?" गायकाने टेम्पोच्या खिडकीतून विचारलं.

"येतो की. हॉलची वीज किती आहे ते आधी कळवा. तीन पार आणायचे तर डिमर मोठा लागेल."